एकच गिऱ्हाईक

वर्धा नदीच्या पूर्वेकडील काळ्या, कसदार जमिनीत पिकणाऱ्या कापसाने एकोणिसाव्या शतकात असा लौकिक मिळविला होता, की वेणेच्या काठी वसलेल्या हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात एका उत्तम प्रतीचे नाव म्हणून रूढ झाले. आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तेथील कापूस इंग्लंडला दुर्मिळ झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांची दृष्टी ज्या मुलखांकडे वळली त्यांत हा मुलूख अग्रभागी होता. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला जिल्हा, पुढे थोड्याच वर्षांत वर्ध्यावरून नागपूरकडे गेलेली रेल्वे, हिंगणघाट आणि पुलगाव येथील कापडगिरण्या, गावोगावचे जिन आणि प्रेस, एवढेच काय, सेठ जमनालाल बजाज यांच्या ज्या पेढीच्या आधारावर गांधीजींचे वर्ध्यातील कार्य उभे राहिले तिचा व्यापारही, या सर्वांशी कापसाचा संबंध आहे. अशा या जिल्ह्यातील कास्तकाराला स्वराज्यात सुमारे तीस वर्षे आपल्या शेतातील कापूस आपल्या पसंतीच्या गिऱ्हाइकाला विकण्याची कायद्याने मनाई होती, ही गोष्ट आज तरुण वाचकांना कदाचित ठाऊकही नसेल. ती त्यांनी समजून घ्यावी, कारण राज्यसंस्थेने नागरिकाच्या व्यवहारात कोठवर हात घालावा या प्रश्नाचे इतके बोधप्रद उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे नाही.

हा कायदा म्हणजे १९७१ चा महाराष्ट्र कच्चा कापूस खरेदी, प्रक्रिया व पणन अधिनियम होय. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२-७३ च्या हंगामापासून त्याचा अंमल सुरू झाला आणि ‘एकाधिकार कापूस खरेदी योजना’ या नावाने तो घरोघरी पोहोचला. त्यामागील हेतू वाईट होता असे कोणीही प्रामाणिक मनुष्य म्हणणार नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घटत असे, मातीमोल भावाने सौदा होत असे, ‘कटती’च्या नावाखाली रक्कम कापली जात असे, आणि सावकाराच्या देण्याने बांधलेला कास्तकार कापूस वेचून होताच तो विकून मोकळा होत असे, मग भाव पुढे कितीही चढो. या अनाचाराला आळा घालण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. मुंबई इलाख्यात कापसातील भेसळ रोखण्यासाठी १८६३ साली कायदा झाला, वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्यबाजारांचे नियमन सुरू झाले, मध्यप्रांतात १९३२ चा कापूस बाजार कायदा आला, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ च्या कायद्याने कृषी उत्पन्न बाजार समित्यांची आजची व्यवस्था घडविली.

परंतु या जुन्या कायद्यांत आणि १९७१ च्या कायद्यात एक मूलभूत भेद आहे. जुन्या कायद्यांनी बाजाराला शिस्त लावू पाहिली: वजन खरे असावे, लिलाव उघड व्हावा, पैसे वेळेवर मिळावेत, फसवणूक करणाऱ्याला शासन व्हावे. हे राज्यसंस्थेचे स्वाभाविक कर्तव्यच होय, कारण दोन पक्षांतील करार प्रामाणिकपणे पाळला जातो की नाही हे पाहणारा तटस्थ तिसरा असल्याखेरीज दुर्बळ पक्षाला न्याय मिळत नाही. एकाधिकाराने मात्र हा तटस्थ तिसराच बाजारात उतरला, स्वतः गिऱ्हाईक झाला, आणि आपल्यावाचून दुसरे गिऱ्हाईक असता कामा नये असा हुकूम त्याने फर्मावला. भाव ठरविणारा तोच, मालाची प्रत ठरविणारा तोच, काटा त्याचा, पैसे कधी द्यावयाचे हे ठरविणारा तोच, आणि यांपैकी काहीही न पटल्यामुळे माल दुसरीकडे नेणाऱ्याला अडविणाराही तोच. ज्याचा दाव्यात स्वार्थ आहे त्याने त्या दाव्याचा निवाडा करू नये, हे न्यायशास्त्राचे पहिले सूत्र. एकाधिकाराच्या रचनेतच त्या सूत्राचा भंग होता. कारकून चांगला भेटला की वाईट, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

योजनेचे प्रत्यक्ष कामकाज पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. कास्तकार बैलगाडीत कापूस भरून खरेदी केंद्रावर येई आणि हंगाम ऐन भरात असला म्हणजे गाड्यांच्या लांबच लांब रांगेत रात्री काढी. पाळी आल्यावर ग्रेडर कापूस हातात घेऊन त्याची प्रतवारी करी, आणि एका प्रतीने खाली उतरविले की वर्षाच्या श्रमाच्या मोबदल्यात क्विंटलमागे फरक पडे. खुल्या बाजारात असा निर्णय अमान्य असल्यास गाडी वळवून दुसऱ्या अडत्याकडे नेता येते. येथे वळविण्यास दुसरे ठिकाणच नव्हते, त्यामुळे विनवणी करणे किंवा मान्य करणे एवढाच पर्याय उरे. आणि जेथे नागरिकाला विनवणीवाचून गत्यंतर नसते तेथे चिरीमिरीला वाट फुटते, मग त्या खुर्चीवर कोणीही बसलेला असो. पुढे त्या कापसाची सरकी आणि रुई वेगळी होई, रुईच्या गाठी बांधल्या जात, त्या गाठी पणन संस्था विकी, आणि हमी भावाचे पैसे ‘चुकारा’ म्हणून हाती पडत. चुकाऱ्यातून निधीसाठी कपात होई, आणि हंगामाचा हिशेब लागून नफा उरला तर अंतिम भावातील उरलेला वाटा पुढे केव्हातरी मिळे. बाजार तेजीत असलेल्या काही वर्षांत या व्यवस्थेचा लाभ शेतकऱ्याला झाला, हेही नमूद केले पाहिजे. पण तेजीत लाभ द्यावयास एकाधिकाराची आवश्यकता नसते. आणि मंदीच्या वर्षांत राजकीय सोयीने वाढविलेल्या भावामुळे योजनेवर अब्जावधी रुपयांचा तोटा साचला, तो अखेर करदात्याच्या माथी बसला, आणि चुकारे रखडल्यामुळे कास्तकाराच्याही.

याहून गंभीर हानी झाली ती कायद्याच्या प्रतिष्ठेची. शेजारच्या मध्य प्रदेशात, तत्कालीन आंध्रात वा गुजरातेत भाव चढा असला म्हणजे कापूस त्या दिशेने जाणारच, कारण पाणी उताराकडे वाहते तसा माल किमतीकडे वाहतो. तो जाऊ नये म्हणून सीमेवर नाके बसले, गाड्यांची झडती सुरू झाली, आणि स्वतःच्या घामाने पिकविलेला माल अधिक भावाने विकणारा कुटुंबवत्सल मनुष्य सरकारदफ्तरी तस्कर ठरला. त्याने कोणाची चोरी केली नव्हती, कोणाला फसविले नव्हते, मालात माती कालविली नव्हती. समाजाची सदसद्विवेकबुद्धी ज्या कृत्यात कोणतेही पाप पाहत नाही त्या कृत्याला कायदा जेव्हा गुन्हा ठरवितो, तेव्हा लोक कायदा मोडण्यास तर शिकतातच, शिवाय खऱ्या गुन्ह्याविषयीची त्यांची चीडही बोथट होते. नाक्यावर हात ओले करून सुटण्याची एकदा सवय जडली, की ती कापसापुरती राहत नाही.

वाचक विचारील, की राज्यघटनेने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले असताना हे चालले कसे? याचे उत्तर आपल्या घटनेच्या इतिहासात आहे. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचा हक्क दिला. पण १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने त्याच अनुच्छेदात अशी तरतूद घातली, की राज्याला एखादा व्यापार नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळून स्वतः चालविता येईल. देशभर व्यापार मुक्त राहील असे अनुच्छेद ३०१ सांगतो, तर सरकारी एकाधिकाराच्या कायद्यांना त्यातून वाट काढून देण्याचे काम अनुच्छेद ३०५ करतो. त्याच पहिल्या दुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण केले, ज्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या भंगाच्या कारणावरून न्यायालयात आव्हान देण्यापलीकडे जात असे. शेतमालाच्या भावावर आणि वाहतुकीवर सरकारचा वरचष्मा ठेवणारा १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत, याच परिशिष्टात जाऊन बसला. २४ एप्रिल १९७३ नंतर तेथे घातलेल्या कायद्यांची तपासणी न्यायालये करू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. तोपर्यंत शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या कायद्याच्या दाराबाहेर उभ्या होत्या.

न्यायालयाचे दार अडल्यावर माणसे रस्त्यावर येतात. १९७९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटनेने आणि तिचे नेते शरद जोशी यांनी मागणी मांडली ती दयेची नव्हती. घामाचे दाम द्या आणि ते मिळविण्याच्या वाटेतील सरकारी अडसर काढा, अशी ती होती. कापसाच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. उसाच्या झोनबंदीविरुद्धही हीच झुंज चालली होती, कारण कारखान्याने आखलेल्या हद्दीबाहेर ऊस नेण्याची मनाई आणि राज्याबाहेर कापूस नेण्याची मनाई ही एकाच विचाराची दोन अपत्ये होत. अखेर २००२ च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. एकाधिकार गेल्यानंतर विदर्भातील शेतकरी सुखी झाला काय? नाही झाला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातील वायफड येथे आले आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवरच. परंतु त्या आत्महत्यांचे सत्र एकाधिकाराच्या काळातच सुरू झाले होते, आणि कोरडवाहू शेती, पतपुरवठ्याची दुर्दशा, सावकारी व्याज व जगाच्या बाजारातील मंदी अशी अनेक कारणे त्याच्या मुळाशी होती. शिवाय एकाधिकाराचा कायदा गेला तरी त्यामागील मनोवृत्ती गेली नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली आणि विरोध होताच काही दिवसांत ती मागे घेतली. त्या अवधीत ज्याच्या घरात कापूस होता त्याच्या नुकसानीचा जाब कोणी दिला नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशकरोधक कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले, तेव्हा त्या पेरणीसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. बियाण्याची सुरक्षितता तपासणे हे सरकारचे काम आहे याविषयी वाद नाही. पण ती तपासणी वर्षानुवर्षे निर्णयाविना ठेवून पेरणाऱ्याला मात्र तुरुंगाचे भय दाखविणे, हा न्याय नव्हे.

ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे त्या जिल्ह्याने या प्रश्नाकडे पाहताना गांधीजींची एक भूमिका विसरू नये. फाळणीच्या दंगली, निर्वासितांचे लोंढे आणि टंचाई अशा परिस्थितीत, १९४७ च्या अखेरीस, धान्य आणि कापड यांवरील सरकारी नियंत्रणे उठवावीत असा आग्रह त्यांनी धरला. नियंत्रणामुळे लाच, काळाबाजार आणि परावलंबन वाढते आणि लोकांनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची शक्ती खुंटते, असे त्यांचे म्हणणे होते. नियंत्रणे उठली, भाव चढले, आणि १९४८ मध्येच ती पुन्हा लादली गेली, हेही खरे. पण राज्यसंस्थेची वाढती सत्ता ते भीतीने पाहत, कारण शोषण कमी करण्याचे चांगले काम करताना दिसत असतानाही ती माणसाचे व्यक्तित्व नष्ट करते, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत टिकून होती. चरख्यावर सूत कातणाऱ्या माणसाला त्यांनी स्वावलंबी नागरिक मानले, सरकारी योजनेचा लाभार्थी मानले नाही.

सरकारने बाजारातून हद्दपार व्हावे, असे माझे म्हणणे नाही. आज भारतीय कापूस महामंडळ किमान आधारभूत भावाने खरेदीस उतरते आणि व्यापारीही त्याच बाजारात उभा असतो. भाव पडले तर कास्तकार महामंडळाकडे जातो, चढले तर व्यापाऱ्याकडे. ही व्यवस्था सदोष आहे, केंद्रे उशिरा उघडतात, कागदपत्रांचा जाच आहे. तरीही ती एकाधिकारापेक्षा न्याय्य आहे, कारण येथे सरकार एक गिऱ्हाईक आहे, एकमेव नाही, आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार विकणाऱ्याच्या हाती उरला आहे. यापुढे तुमच्या हिताच्या नावाने एखादा कायदा मांडला जाईल, तेव्हा त्याचा हेतू किती उदात्त आहे हे ऐकून घ्या, आणि मग एवढेच विचारा: हा कायदा फसविणाऱ्याला शिक्षा करतो की विकणाऱ्याला, त्यात सरकार पंच आहे की पक्षकार, आणि त्याचा निर्णय मला पटला नाही तर दाद मागण्यास किंवा दुसरीकडे जाण्यास वाट शिल्लक आहे काय? ज्या कायद्यापाशी या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नाहीत, तो कोणत्याही पक्षाच्या सरकारने आणलेला असो, नागरिकांनी त्याला विरोध केला पाहिजे.