राजगुरूचा डोळा

चित्रपट-दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंचं नाव निघालं की गप्पा 'दो आँखें बारह हाथ' आणि 'पिंजरा'भोवतीच फिरतात. माझा जीव जडला आहे तो 1934 च्या 'अमृतमंथन'वर.

आधीचा इतिहास थोडक्यात. बापू कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी तरुण शेतकरी रंगवला, 1927 मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' काढली. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलला आणि 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली. त्या काळातले बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. हरवलेला मानला गेलेला, अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्डचा 1917 चा 'स्ट्रेट शूटिंग' निदान चेकोस्लोव्हाकियाच्या चित्रसंग्रहात सापडला. आपल्याकडे असं नशीब फार थोड्या चित्रपटांना लाभलं.

'अमृतमंथन' पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट. कथा नारायण हरी आपट्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरची. राजा क्रांतिवर्मा बळी देण्याची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याचाच खून करवतो. सुरुवातीलाच अंधारात कट शिजत असतो आणि राजगुरूचा एक डोळा अख्खा पडदा व्यापतो. तो डोळा चंद्रमोहनचा. हा त्याचा पहिलाच चित्रपट.

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, सीकर रोडलगतच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. शिफ्ट सुटल्यावर एकदा हा प्रसंग लेथवरच्या उस्तादांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. "साब, इतने पास से लिया, तो कैमरे की छाया क्यों नहीं पड़ी?" मी म्हटलं, जवळून नाही, टेलिफोटो भिंगानं लांबून घेतलाय. मग दिवे लावायला मधे जागा मिळाली असणार, हे त्यांनीच मला समजावलं. चित्रपटावरच्या पुस्तकांत त्या डोळ्याच्या प्रतीकाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. दिव्यांच्या जागेचा विचार कुणी केलेला आढळला नव्हता.

हे एका कारागिराला सुचावं, हा नुसता योगायोग नव्हे. बाबूराव पेंटर मूळचे मिस्त्री, कारागीर घराण्यातले, नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले, तरी दामल्यांच्या मदतीनं बाबूरावांनी तो 1918 मध्ये पुरा केला. भिंग, गिअर, फिरकी हाताखालून गेलेल्या माणसांच्या शाळेत बापू शिकले. 'सैरंध्री' या चित्रपटाला रंग देण्यासाठी 1933 मध्ये ते जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण तिथल्या छायाप्रकाशाचा संस्कार पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये उतरला, असं मला ठामपणे वाटतं. मशालींच्या उजेडातली ती गर्दी पाहा, मग पटेल.

चित्रपट हिंदी आणि मराठी, दोन्ही भाषांत झाला. मराठीत राजगुरू केशवराव दाते होते. दाते रंगभूमीचे मोठे नट, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण या भूमिकेला चंद्रमोहनचे ते फिकट, मोठे डोळेच हवे होते. शेवटी राजगुरू देवीपुढे स्वतःचंच शिर अर्पण करतो. तोवर त्या नजरेनं आपल्याला असं धरून ठेवलेलं असतं, की खलनायकाच्या श्रद्धेचाही खरेपणा जाणवतो.

तोच प्रभात स्टुडिओ आज पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा परिसर आहे. तिथं गेलो की मी जुन्या चित्रीकरण-दालनासमोर रेंगाळतो. चित्रपट मंडळांनी बापूंचा महोत्सव भरवला तर 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'ऐवजी 1934 च्या 'अमृतमंथन'पासून सुरुवात करावी, आणि पहिल्या रांगेत लेथवर काम करणारी माणसं बोलवावीत.