उष्ण पावसाळ्यातील कामासाठी हलका पावसाळी कोट कसा निवडावा

पावसात भिजू नये म्हणून कोट घालावा आणि कामास लागताच तो आतून घामाने ओला व्हावा, असा अनुभव शेतावर काम करणाऱ्या बहुतेकांस येतो. मग कंटाळून कोट बांधावर काढून ठेवला जातो व ऐन सरीत अंग भिजते. अशा वेळी कोट सदोष असतोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्या हवेस जुळणारा नसतो.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या खराडीचे उदाहरण घ्यावे. हे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले व आज तेथे मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. परंतु हवा पूर्वीचीच आहे. पुणे येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७२ सेंटिमीटर पाऊस पडतो व त्याचा बराच मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जुलैत दुपारचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे पाऊस पडत असतो, पण थंडी नसते.

श्रम करताना शरीर घामावाटे उष्णता बाहेर टाकते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घामाची वाफ कोटात कोंडली, तर अंग निवत नाही व थकवा लवकर येतो. इंग्लंडात १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश याने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड करण्याचे पेटंट घेतले. त्या कापडातून पाणी आत येत नसे; परंतु वाफही बाहेर जात नसे. साध्या प्लॅस्टिकच्या कोटाचेही तसेच आहे.

अलीकडील काही कोटांत अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा असतो. त्यातून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ बाहेर पडते. मात्र त्यास मर्यादा आहे. वाफ बाहेर पडण्याचा वेग आतील व बाहेरील वाफेच्या दाबांतील फरकावर अवलंबून असतो. भर पावसात बाहेरचे तापमान १० अंशांऐवजी २५ अंश असेल, तर हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. यास्तव आपल्याकडे महाग कापडापेक्षा हवा खेळती राहण्याची सोय अधिक महत्त्वाची होय.

मावळ व कोकणातील भातलावणीत वापरले जाणारे इरले याच तत्त्वावर उपयोगी पडते. ते पाठ व डोके झाकते, परंतु अंगाला चिकटत नाही व पुढून मोकळे असते. वाकून करावयाच्या कामास ते आजही सोयीचे आहे. चालणे, वाहन चालविणे अगर उभ्याने काम करणे यांसाठी मात्र कोटच बरा.

कोट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे हलके कापड घ्यावे. आतून जाळीचे अस्तर असल्यास ओले कापड अंगास चिकटत नाही.

२. काखेखाली उघडझाप करता येणारी चेन व पाठीवर झडपेखाली वायुमार्ग असावा. कोट सैल असावा.

३. शिवणींवर आतून पट्टी चिकटविलेली असावी. पाणी बहुधा शिवणीतूनच आत येते.

४. चिठ्ठीवर जलस्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. खांद्यावर ओझे अगर फवारणीपंपाचा पट्टा येत असेल, तर मोठा आकडा पाहावा. कारण दाबाच्या जागी पाणी लवकर झिरपते.

५. वाकल्यावर कंबर उघडी पडू नये एवढी पाठीची लांबी असावी.

रंग फिकट किंवा भडक असावा. खराडीवरून जाणाऱ्या नगर रस्त्यासारख्या वर्दळीच्या मार्गावर पावसात दुचाकीने जाणारा मनुष्य गडद कोटात लवकर दिसत नाही. डोक्यावरील टोपीने बाजूची दृष्टी अडता कामा नये. मळणीयंत्र अगर पट्ट्यावर चालणारे इंजिन यांजवळ सैल कोट व लोंबत्या नाड्या घालून जाऊ नये. त्या यंत्रात ओढल्या जाऊन जीवावर बेतू शकते.

वापरानंतर कोटावरील चिखल साध्या पाण्याने धुवावा व कोट सावलीत पूर्ण वाळवावा. ओला कोट घडी घालून ठेवल्यास बुरशी येते व आतील थर सुटू लागतो. कापडाबाहेर पाण्याचे थेंब न ओघळता कापड भिजू लागले, तर बाहेरील लेप झिजला असे समजावे.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत एक कोट सर्वांसमक्ष तपासून दाखवावा. शिवणीचा भाग वाटीसारखा खोलगट धरून त्यात पाणी ओतावे व अर्ध्या तासाने खालची बाजू कोरडी आहे की नाही ते पाहावे. पाणी अडविणारा, पण घाम कोंडणारा कोट बांधावरच पडून राहतो. जो दिवसभर अंगावर राहू शकतो, तोच खरा उपयोगी होय.