जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि मधे डेटा!

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हा डायलॉग आपण गमतीत मारतो. आज तो जरा सिरियसली घेऊ.

तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या बॅटरीत लिथियम आहे, ग्राफाइट आहे. याहून स्वस्त, उन्हात टिकणारा पदार्थ हवा असेल, तर शोधायचा कसा? पूर्वी एकच रस्ता होता: बनवा, तपासा, फसलं की पुन्हा बनवा. यात वर्षानुवर्षं जायची.

आता उलटं चालतं. आधी कॉम्प्युटरवर गणित करायचं, की अणूंची ही रचना टिकेल का, वीज वाहून नेईल का? आणि उत्तरं एका जागी साठवायची. अमेरिकेत 2011 साली सुरू झालेला 'मटेरियल्स प्रोजेक्ट' आणि जर्मनीतला 'नोमॅड' ही अशीच भांडारं, दोन्ही फुकट. म्हणजे परभणीतल्या बीएस्सीच्या पोरीला बर्लिनमधला डेटा घरबसल्या बघता येतो!

मग त्या डेटावर एआयला शिकवायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये गुगल डीपमाइंडच्या मॉडेलनं 22 लाख नवे स्फटिक सुचवले. त्यातले सुमारे 3 लाख 80 हजार सगळ्यात स्थिर ठरतील, असा अंदाज.

भारी ना? पण थांबा, यात दोन मेख आहेत.

पहिली: ही गणितं बहुतेक वेळा शून्य केल्विनला, म्हणजे उणे 273 अंशांना केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर! तिथं टिकलेलं इथं टिकेलच असं नाही. शेवटी प्रयोग करूनच बघावं लागतं.

दुसरी: शोधनिबंधात यशस्वी प्रयोगच छापले जातात, फसलेले वहीतच राहतात. मग काय जमत नाही, हे एआयला कळणार कसं? अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजनं जुन्या वह्यांमधले फसलेले प्रयोगही कॉम्प्युटरला शिकवले. 2016 साली निकाल आला: नवे स्फटिक बनवताना कॉम्प्युटरचा अंदाज 89 टक्के वेळा बरोबर, अनुभवी माणसांचा 78 टक्के.

म्हणून लॅबमध्ये प्रयोग फसला, तर वहीचं पान फाडू नका. तारीख, प्रमाण आणि त्या दिवसाचं तापमान, सगळं लिहून ठेवा. परभणीच्या उन्हात काय टिकतं, हा डेटा बर्लिनमध्ये बसून कोण गोळा करणार? तो आपणच करायचाय.

भेटू पुढच्या भागात!