पित्त तेलात उतरतं तेव्हा

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धाव घेतं, तर शेपटी तेलाकडे. म्हणून पाण्यात असे रेणू शेपट्या आत लपवून गोळा करून बसतात, आणि कपड्यावरचा तेलकट मळ त्या गोळ्यात अडकतो. पण भोवती पाणी नसून नुसतं तेल असेल, तर?

तर सगळं उलटं! डोकी आत, शेपट्या बाहेर. हा उलटा गोळा जेमतेम काही नॅनोमीटरचा. त्याला कोणी रचत नाही. डोक्यांना तेल सोसवत नाही, म्हणून ती एकमेकांच्या आडोशाला जातात, एवढंच.

आता लेसिथिन घ्या. अंड्याच्या बलकात असतं, सोयाबीनमध्ये असतं. चॉकलेटच्या वेष्टनावर ते ३२२ या क्रमांकाने लिहिलेलं दिसतं. त्याच्या रेणूला शेपट्या दोन आणि डोकं त्या मानाने लहान. कुल्फीचे साचे टोकं आत करून रचले तर गोळाच होणार ना? सायक्लोहेक्झेन नावाच्या द्रावकात लेसिथिनचंही तेच होतं. द्रावण पातळच राहतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात श्रीनिवास राघवन आणि सहकाऱ्यांनी त्यात किंचित पित्तक्षार मिसळले. २००६ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते थक्क करणारं आहे: पातळ द्रावण लाखाहून जास्त पटींनी दाट झालं!

चिमूटभर क्षाराने हे कसं साधलं? पित्तक्षाराचा रेणू पसरट असतो. त्याचं एक अंग पाण्याच्या ओढीचं, दुसरं तेलाच्या. तो लेसिथिनच्या डोक्यांपाशी जाऊन बसतो आणि टोकाकडची निमुळती बाजू रुंदावते. मग रेणूंना गोळा होण्याइतकं वळताच येत नाही. ते लांबच लांब धाग्यांत रचले जातात, धागे एकमेकांत गुंततात आणि द्रव अडतो. त्यातही कमाल अशी, की हे धागे सतत तुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात.

मला मात्र खरी मौज पुढे वाटते. पाण्यात हीच जोडी नेमकं उलट वागते. तिथे एकटं लेसिथिन पातळ पडदे बनवतं. भरपूर पित्तक्षार आले की पडदे मोडून बारीक गोळे होतात. तेलात जोडणारा पाण्यात तोडतो? नाही, करणी एकच! डोक्यांची बाजू रुंदावली की, डोकी बाहेर असतील तर वळण वाढतं, आत असतील तर कमी होतं.

ही जोडी आत्ता तुमच्या पित्ताशयातही आहे. जेवणातलं तूप पचवायला तीच आतड्यात उतरते.