मैफलीतला कॅमेरा

यंदा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी आमच्या संगीतवर्गाने कॅमेरा घ्यावयाचे ठरविले आणि विद्यार्थ्यांत दोन तट पडले. एक डीएसएलआरचा, दुसरा मिररलेसचा. निवाडा माझ्याकडे आला. गाणे शिकविणाऱ्याला यातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाशी माझा जुना संबंध आहे.

माझे वडील तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गात. १९४९ साली संस्थान विलीन झाले. गाणे मात्र राहिले. ऐंशीच्या घरात असताना, २००७ साली, त्यांची शेवटची बैठक झाली. त्या संध्याकाळी त्यांनी मारवा धरला होता. मारव्यात गवई रिषभ-धैवतावर घोटाळत राहतो आणि श्रोता षड्जासाठी कासावीस होतो. वडिलांनी अखेर षड्ज लावला, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘खटाक्!’ ध्वनिमुद्रणात तो खटका अजून तसाच आहे. पण छायाचित्रकाराला बोल कसा लावू? वडिलांचे गातानाचे एकुलते एक चांगले छायाचित्र त्याच खटक्याने आम्हांला दिले.

तो खटका कशाचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. डीएसएलआरमध्ये भिंगाच्या मागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेले दृश्य तो वर डोळ्यापर्यंत पोहोचवितो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो-मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. दृश्य थेट संवेदकावर पडते आणि आपण ते छोट्या पडद्यावर पाहतो. पॅनासोनिकने २००८ साली या जातीचा जी-१ आणला. २०१८ साली निकॉन व कॅनन हेही मोठ्या संवेदकाचे मिररलेस घेऊन उतरले.

आरसा गेला तरी यांत्रिक पडद्याचा हलका आवाज उरतोच. तोही बंद करून केवळ विजेवर चित्र घेता येते. मग कॅमेरा अगदी मुका होतो. मात्र या मौनाची किंमत आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदक ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्यात तबलजीची बोटे हलली तर ती वाकडी उमटतात, आणि एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे पडतात. सगळा संवेदक एकदम वाचणारा सोनीचा ए-९ थ्री २०२३ साली जाहीर झाला, पण त्याची किंमत लाखांत. शिवाय मिररलेसचा पडदा वीज खातो. एका प्रमाणित कसोटीनुसार निकॉनच्या डी-८५० ची बॅटरी १८४० चित्रे पुरते, तर झेड-७ ची ३३०.

मग निवाडा काय? तो अखेर गाण्यानेच दिला. आलापात शांतता हवी, आणि तिथे हात संथ असतात. तेव्हा मुका पडदा. द्रुतात हात धावतात, पण तबलाही गाजत असतो. तेव्हा यांत्रिक पडदा, त्याचा आवाज कोणाला ऐकू येतो? म्हणून आम्ही साधा मिररलेस आणि दोन जादा बॅटऱ्या घ्यावयाचे ठरविले.

ज्यांच्याकडे चांगला डीएसएलआर आहे, त्यांनी मात्र तो मोडीत काढू नये. आलापात हात आवरावा आणि समेवर, दाद उसळली की, कळ दाबावी. लग्नसमारंभात किंवा सहलीत तर खटक्याची अडचणच नाही.

कॅमेरा धरण्याचे काम मी वर्गातल्या एका मुलीवर सोपविले आहे. तिला छायाचित्रणातले फारसे येत नाही. ते ती शिकेल. पण षड्ज केव्हा येणार, हे तिला आधी कळते.