विश्वकिरणांचा हिशेब

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर जिन्यावरून घसरून माझे मनगट दुखावले आणि एक्स-रे काढण्याची वेळ आली. हात टेबलावर नीट ठेवायला सांगून तेथील तंत्रज्ञ एका जाड भिंतीआड गेले, त्यांनी बटण दाबले आणि ते पुन्हा बाहेर आले. मी गमतीने म्हटले, "काका, आम्हाला किरणांच्या तोंडी देऊन तुम्ही मात्र लपता!" ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुझा वर्षातून एखादा फोटो. माझे दिवसाला चाळीस." मग शर्टाला लावलेला एक छोटा बिल्ला दाखवून म्हणाले, "हा माझे खाते लिहितो. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो."

'खाते' हा शब्द माझ्या मनात राहिला. पुढे अंतराळवीरांविषयी वाचताना लक्षात आले की त्यांचेही असेच एक खाते असते. फरक एवढाच की त्यांना आड जायला भिंत नसते. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. विज्ञानाचा विषय निघाला की 'तो आपला प्रांत नव्हे' म्हणून बाजूला होतो. परंतु या विषयाचा माग काढत गेलो तेव्हा असे दिसले की प्रयोगशाळेत सुरू झालेला हा प्रश्न शेवटी आपल्याच अंगणात येऊन थांबतो.

सुरुवात करावी ती १९१२ सालापासून. त्या काळी शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. विद्युतभार मोजण्याचे उपकरण कितीही बंदिस्त ठेवले तरी त्यातील भार हळूहळू गळून जाई. कोठून तरी भेदक किरण येत होते हे उघड होते. ते जमिनीतून येत असावेत असा बहुतेकांचा समज होता. तसे असेल तर उंचावर गेल्यावर त्यांचा प्रभाव कमी व्हायला हवा. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन बलूनमध्ये बसला आणि ७ ऑगस्ट १९१२ रोजी पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर गेला. तेथे किरणांचे प्रमाण कमी होण्याऐवजी कितीतरी वाढलेले आढळले. म्हणजे किरण खालून नव्हे, वरून येत होते! हेसला या शोधाबद्दल १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यांनाच आपण विश्वकिरण म्हणतो. नावात 'किरण' असले तरी ते प्रकाशासारखे किरण नव्हेत. ते बहुतांशी अणूंच्या केंद्रांचे अतिवेगवान तुकडे होत. त्यांत सर्वांत जास्त प्रोटॉन, त्याखालोखाल हेलियमची केंद्रे आणि शेकडा एखादा वाटा कार्बन, लोह अशा जड मूलद्रव्यांच्या केंद्रांचा असतो. ताऱ्यांच्या स्फोटांसारख्या प्रचंड घटनांतून वेग घेतलेले हे कण आकाशगंगेच्या सर्व बाजूंनी येत असतात. या विषयाशी आपल्या देशाचाही जुना संबंध आहे. एक कण वातावरणात शिरला की त्यातून असंख्य कणांची सर कशी कोसळते, याची उपपत्ती डॉ. होमी भाभा यांनी हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये मांडली. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही विश्वकिरणांचे संशोधन झाले. त्यासाठी उपकरणे बांधलेले बलून आकाशात सोडले जात.

असे जर आहे, तर आपण सारे सुखरूप कसे? कारण आपल्या डोक्यावर दोन छत्र्या आहेत. पहिली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची. ती पुष्कळसे भारित कण वळवून लावते. दुसरी हवेची. हवा आपल्याला हलकी वाटते. परंतु आपल्या डोक्यावरील हवेचा एकूण थर दहा मीटर खोल पाण्याच्या वजनाचा आहे. जीवसृष्टी या छत्र्यांखालीच वाढली आणि आपल्या शरीराची घडणही येथीलच. किरणोत्सर्गाने शरीरावर होणारा परिणाम 'मिलिसीव्हर्ट' या एककात मोजतात. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे एक दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते. जमीन, हवा, अन्न आणि आकाश या सर्वांकडून मिळून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात.

आता छत्रीबाहेरचा हिशेब पाहू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे हवेची छत्री गेलेली असते, चुंबकीय छत्री मात्र अद्याप बरीचशी असते. स्कॉट केली हा अमेरिकन अंतराळवीर २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस तेथे राहिला. त्याच्या खात्यावर सुमारे १४६ मिलिसीव्हर्ट जमा झाले. आपल्याकडे किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे एक्स-रेवाल्या काकांना सात वर्षांत जेवढे चालेल, तेवढे केलीला वर्षाच्या आत मिळाले.

मंगळाच्या वाटेवर तर दोन्ही छत्र्या नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये निघालेल्या 'क्युरिऑसिटी' या गाडीबरोबर किरणोत्सर्ग मोजणारे एक उपकरण पाठवले होते. प्रवासात दिवसाला सुमारे १.८ आणि मंगळाच्या भूमीवर सुमारे ०.६४ मिलिसीव्हर्ट अशी त्याची नोंद आहे. सहा महिने जाणे, सहा महिने येणे आणि मध्ये दीड वर्षाचा मुक्काम धरला तर बेरीज हजाराच्या घरात जाते.

या कणांनी शरीरात होते तरी काय? अपोलो मोहिमांतील चांद्रवीरांना अंधारात डोळे मिटल्यावर मधूनच प्रकाशाचे ठिपके आणि रेघा चमकताना दिसत. विश्वकिरणांचे कण त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून आरपार जात होते! लोखंडाचे एखादे जड अणुकेंद्र पेशीतून जाते तेव्हा वाटेतील डीएनएचा धागा दोन्ही बाजूंनी तोडत जाते. पेशी हे तुटलेले सांधते. पण कधी गाठ चुकीची बसते. अशा चुकीच्या गाठी अंतराळवीरांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांत प्रत्यक्ष दिसल्या आहेत. त्यांतून बऱ्याच वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. जवळजवळ तीनशे अंतराळवीरांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला; ज्यांना मात्रा अधिक मिळाली होती त्यांना मोतीबिंदूचा धोका अधिक आणि लवकर असल्याचे त्यात दिसले. उंदरांवरील प्रयोगांत जड कणांमुळे स्मरणशक्तीवरही परिणाम झालेला आढळला आहे.

याखेरीज सूर्याचा धोका निराळा. विश्वकिरण म्हणजे रोजची भुरभुर, तर सौर वादळ म्हणजे ढगफुटी. ऑगस्ट १९७२ मध्ये असे एक प्रचंड वादळ झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपोलो १६ परतले होते आणि डिसेंबरमध्ये अपोलो १७ जायचे होते. वादळ नेमके मधल्या काळात झाले म्हणून निभावले. त्या वेळी कोणी नुसत्या अंतराळवेशात चंद्रावर चालत असता, तर तो गंभीर आजारी पडला असता.

मग यानाच्या भिंती जाड का करीत नाहीत? पहिली अडचण वजनाची. दुसरी अधिक विचित्र आहे. जड कण धातूच्या भिंतीवर आदळला की त्याचे आणि भिंतीतील अणूंचे तुकडे होऊन नवेच कण आत उडतात. म्हणून शिशापेक्षा हायड्रोजन भरपूर असलेले हलके पदार्थ येथे उपयोगी पडतात. ज्या पॉलिथिनच्या पिशवीतून आपल्या घरी दूध येते, त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या विटा अंतराळ स्थानकातील झोपण्याच्या जागांभोवती बसवल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आर्टेमिस १' हे निर्मनुष्य यान चंद्राकडे गेले, तेव्हा त्यात स्त्रीदेहाच्या दोन प्रतिकृती होत्या. एकीला संरक्षक जाकीट घातले होते, दुसरीला नव्हते. अशा उपायांनी सौर वादळापासून बरेच रक्षण होते. विश्वकिरणांची भुरभुर मात्र पुरती थांबत नाही.

थांबवता येत नसेल, तर मर्यादा घालावी लागते. येथवर विज्ञानाने वाट दाखवली; पुढचा प्रश्न मात्र केवळ विज्ञानाचा राहत नाही. एका माणसाने किती धोका पत्करावा, आणि हे ठरवायचे कोणी?

नासाचा पूर्वीचा नियम असा होता की अंतराळात मिळालेल्या मात्रेमुळे कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता शेकडा तीनपेक्षा अधिक वाढू नये. स्त्रियांना हा धोका अधिक असल्याचे गणित सांगत होते. त्यामुळे एकाच वयाच्या पुरुषापेक्षा स्त्रीचे खाते लवकर भरे. पेगी व्हिटसन या अमेरिकन अंतराळवीर स्त्रीने नासाच्या सेवेत ६६५ दिवस अंतराळात काढले. २०१८ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि आपण किरणोत्सर्गाची मर्यादा गाठली आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पुढे खाजगी कंपनीच्या मोहिमांतून २०२३ आणि २०२५ मध्ये त्या पुन्हा अंतराळात गेल्या. आपले शुभांशु शुक्ला ज्या मोहिमेतून स्थानकावर गेले, तिचे नेतृत्व व्हिटसनबाईंकडेच होते. आता सांगा, जुना नियम त्यांचे रक्षण करीत होता की त्यांची वाट अडवीत होता? दोन्ही म्हणता येईल.

२०२२ मध्ये नासाने नियम बदलला. आता स्त्री असो वा पुरुष, तरुण असो वा प्रौढ, साऱ्या कारकिर्दीसाठी ६०० मिलिसीव्हर्ट ही एकच मर्यादा आहे. हा आकडा काढताना ३५ वर्षांच्या स्त्रीला असणारा धोका प्रमाण धरला आहे. ज्याला धोका अधिक, त्याच्या मापाने सर्वांना मोजायचे, हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. परंतु मंगळाच्या वारीचा हिशेब हजाराचा आहे, हे येथे विसरून चालत नाही. उद्या ती वारी करायची तर प्रवास तरी वेगाने व्हायला हवा, नाहीतर ही मर्यादा सैल करावी लागेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अमुक मात्रेने अमुक धोका, हे ज्ञान मुख्यतः आले कोठून? हिरोशिमा आणि नागासाकी येथून. १९४५च्या बाँबस्फोटांतून वाचलेल्या लोकांचा आणि त्यांच्या शेजारच्या नागरिकांचा, एकूण सुमारे १,२०,००० जणांचा, १९५० पासून आयुष्यभर पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्या आजारांच्या आणि मृत्यूंच्या नोंदींवर आजच्या मर्यादा बहुतांशी उभ्या आहेत. अंतराळवीराला धोका समजावून सांगितला जातो, त्याची संमती घेतली जाते. त्या नगरांतील माणसांना बाँब टाकण्यापूर्वी कोणीही विचारले नव्हते.

म्हणूनच मला वाटते, ६०० हा आकडा उद्या बदलायची वेळ आली तर तो केवळ अभियंत्यांनी बंद खोलीत बदलू नये. कोणाच्या दुःखावर हे ज्ञान उभे आहे, कोणाच्या देहावर त्याचा प्रयोग होणार आहे आणि त्याची संमती खरोखर मोकळी आहे काय, हे विचारणारे लोकही त्या खोलीत हवेत. हे विचारायला आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. आणि नीट विचारायचे तर आधी मिलिसीव्हर्ट म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे.

मनगटाचे प्लॅस्टर काढल्यावर मी पुन्हा एक्स-रेसाठी गेलो. काका भिंतीआड गेले, तेव्हा या वेळी मी काही बोललो नाही. त्यांच्यासाठी ती भिंत कोणीतरी विचारपूर्वक बांधली होती, एवढेच मनात आले.