भिंतीत पुरलेला सांधा

केबिन रोड हा भाईंदर पूर्वेचा गजबजलेला रस्ता. गावोगावची माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली. कोणी खोली विकत घेतली, कोणी भाड्याने राहिले. वस्ती वाढत गेली आणि २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली.

खोली घेताना माणूस काय बघतो? भिंत वाजवून बघतो. नळ सोडून बघतो. बटण दाबून बघतो. दिवा लागला, की त्याचे समाधान होते. पण भिंतीच्या आत विजेची तार कशी नेली आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही. आज आपण तेवढेच समजून घेऊ.

पूर्वी घरात लाकडी पट्टी ठोकून तिच्यावरून तार नेत. तार डोळ्यांना दिसे. कुठे खराब झाली तर लगेच कळे. आता भिंतीत खाच पाडतात, खाचेत पाइप बसवतात, वरून गिलावा करतात. तार त्या पाइपातून जाते. भिंत छान दिसते. पद्धत चांगली आहे, पण काम चोख हवे. कारण गिलावा झाला, की आतले काही दिसत नाही.

सांधा कसा होतो?

समजा, तार दोन हात कमी पडली. चांगला कारागीर काय करील? सबंध नवी तार ओढील. घाईचा माणूस काय करील? दुसरा तुकडा घेईल, दोन्ही टोके हाताने पिळील, वर काळी चिकटपट्टी गुंडाळील आणि पाइपात सारून देईल. दिवा दोन्ही तऱ्हांनी लागतो. म्हणून घरमालकाला फरक कळत नाही. फरक कळतो तो काही वर्षांनी.

सांधा का तापतो?

शेताच्या पाटात एके ठिकाणी दगडमाती अडकली, तर पाणी तेथे तुंबते, धडपडते. विजेचेही तसेच. तार सबंध असली, की वीज सुखाने वाहते. सांधा सैल असला, की तिला अडथळा होतो आणि तेथे उष्णता तयार होते.

ही उष्णता थोडी समजू नका. आंघोळीचे पाणी तापवायचा गिझर बहुधा २००० वॅटचा असतो. त्याला सुमारे ९ अँपिअर वीज लागते. सांधा फार सैल असेल, तर तेवढ्याशा जागी ४० वॅट उष्णता निघू शकते. डाखकाम करणाऱ्याची विजेची कांडी २५ वॅटची असते. ती कथील वितळवते. मग तारेवरच्या आवरणाचे काय होत असेल, याचा विचार करा.

सांधा तापतो, निवतो, पुन्हा तापतो. त्यामुळे तो आणखी सैल होतो. भाईंदरला खाडी जवळ, मिठागरे जवळ. हवा दमट आणि खारट. तांब्याच्या घागरीवर हिरवट डाग चढतात, ते तुम्ही पाहिले असतील. उघड्या तांब्याच्या सांध्यावरही तसाच थर चढतो. मग अडथळा वाढतो आणि उष्णताही वाढते.

फ्यूज का जात नाही?

पुष्कळ लोक म्हणतात, "फ्यूज आहे ना! मग भीती कसली?"

फ्यूज हा राखणदार खरा. पण तो एकच गोष्ट बघतो. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज गेली, तरच तो वितळतो. सैल सांध्यातून वीज जास्त जात नाही. ९ अँपिअर जायची, ती तेवढीच जाते. म्हणून १६ अँपिअरचा फ्यूज गप्प बसतो आणि भिंतीत सांधा जळत राहतो.

दुसरा राखणदार म्हणजे ईएलसीबी. वीज गळून भिंतीत किंवा माणसाच्या अंगात उतरू लागली, तर हा पुरवठा तोडतो. माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलीअँपिअरचा असावा. हा घरात जरूर बसवावा. पण नुसता तापणारा सांधा त्यालाही कळत नाही. म्हणून सांधा मुळातच नसावा, हा खरा उपाय.

नियम काय सांगतो?

घरातील वायरिंगसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७३२ हे मानक आहे. चांगल्या वायरिंगची रीत अशी, की पाइपाच्या आत तारेला सांधा द्यायचा नाही. जोड द्यायचा तो बटणाच्या पेटीत, दिव्याच्या जागी किंवा झाकणाच्या जोडपेटीत, आणि तोही स्क्रूने घट्ट आवळून. पेटीचे झाकण केव्हाही उघडता आले पाहिजे. त्यावर गिलावा करू नये.

दुसरा नियम कारागिराचा. विजेचे काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराकडून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करून घ्यावे, असे १९५६ च्या वीज नियमांत होते. आजच्या नियमांतही ते आहे.

घरात कशावर लक्ष ठेवावे?

१. गिझर किंवा इस्त्री लावली, की दिवा मंद होतो किंवा लुकलुकतो.
२. भिंत किंवा बटणाची पाटी हाताला गरम लागते.
३. जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो.
४. भिंतीवर तपकिरी डाग पडतो.
५. बटणातून चरचर आवाज येतो.

यांतले काहीही दिसले, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतः भिंत फोडू नका. दिवा लुकलुकतो म्हणून बल्बच बदलत बसू नका. ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असे होईल.

आग लागलीच, तर विजेवर पाणी टाकू नका. जमले तर मेन बंद करा, सर्वांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

नवी वायरिंग करीत असाल, तर गिलाव्याआधी एक दिवस कामावर उभे राहा. वायरमनला विचारा, "भाऊ, पाइपात कुठे जोड दिला आहे का?" दिला असेल, तर तो काढून सबंध तार ओढायला सांगा. तारेचे थोडे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या. रात्री त्याच भिंतीला लागून आपली पोरेबाळे झोपणार आहेत.